रेवाला भूतकाळ देऊ नकोस

पुणे

चि. सई हिला,


तुझी संहिता वाचली. प्रिंट काढून वाचली, कारण स्क्रीनवर मला नुसती अक्षरं दिसतात, माणसं दिसत नाहीत. समासात पेन्सिलीने बरंच खरडलंय, ती प्रत कुरिअरने येईल. पण मुख्य जे म्हणायचंय ते समासात मावेना, म्हणून हे पत्र.

तुझ्या निर्मात्याच्या दोन अटी तू फोनवर सांगितल्यास. एक, सिनेमा ‘थोडा बोल्ड’ हवा. दोन, नायिका रेवा एवढी निर्ढावल्यासारखी वागते तर तिच्यावर लहानपणी काहीतरी अन्याय झालेला दाखवा, म्हणजे प्रेक्षक तिच्या बाजूने राहतील. पहिल्या अटीने तू बिथरलीस. मला तिचं काही वाटत नाही, तिचा बंदोबस्त करता येतो. घातक आहे ती दुसरी. आणि ती मात्र तू मुकाट्याने मान्य करून मध्यंतराच्या तोंडाशी तो सावत्र काका आणून बसवलास. त्याला काढ. का काढ, ते एका सिनेमाच्या आधाराने सांगते.

जॉन डालचा ‘द लास्ट सिडक्शन’, १९९४. लेखक स्टीव्ह बॅरॅन्सिक. खर्च पंचवीस लाख डॉलरच्या आसपास. आपल्या कानाला आकडा मोठा वाटतो, म्हणून शेजारी दुसरा ठेवते. दोनच वर्षं आधी आलेल्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ची नुसती पटकथा जो एस्टरहाझने तीस लाख डॉलरला विकली होती. म्हणजे त्या कागदाच्या किमतीत डालचा अख्खा सिनेमा झाला असता आणि वर पाच लाख उरले असते. जुलै महिन्यात तो आधी एचबीओ या केबल वाहिनीवर लागला आणि मग थिएटरांत आला. हा उलटा क्रम लिंडा फिओरेंटिनोला महागात पडला. टीव्हीवर आधी दाखवलेला सिनेमा ऑस्करच्या नियमात बसत नव्हता. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री म्हणून तिला निवडलं, बाफ्टाचं नामांकन मिळालं, रॉजर ईबर्टने वर्षातल्या पहिल्या दहांत हा सिनेमा घेतला, पण ऑस्करच्या यादीत तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. मी पाहिला तो व्हिडिओ लायब्ररीतल्या कॅसेटवर. ती ज्या फळीवर होती त्या फळीकडे आमच्या वयाच्या बायका बघतसुद्धा नसत. पोऱ्याने न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती.

गोष्ट थोडक्यात सांगते. ब्रिजेट न्यूयॉर्कमध्ये टेलिमार्केटिंगच्या ऑफिसात सुपरवायझर, पोरांना फैलावर घेऊन कामाला लावणारी. नवरा क्ले डॉक्टरीच्या वाटेवरचा. डोक्यावर सावकाराचं कर्ज. तो औषधी कोकेन विकून सात लाख डॉलर घरी आणतो, तिच्या एका वाक्यावर भडकतो आणि तिच्या कानाखाली वाजवतो. मग तो अंघोळीला जातो, आणि बाई पैसे घेऊन निघून जाते. वाटेत बफेलो शहराजवळच्या बेस्टन नावाच्या लहान गावात थांबते. तिचा वकील सांगतो की घटस्फोट होईपर्यंत पैशाला हात लावू नकोस, म्हणून ती तिथेच दडून राहते, खोट्या नावाने एका विमा कंपनीत नोकरी धरते आणि माइक नावाच्या स्थानिक पोराला हाताशी धरते. पुढे खून.

आता त्या थपडेकडे नीट बघ. तुझ्या निर्मात्याला हवं ते कारण तिथे आयतं तयार होतं. दुसऱ्या कुणी हा सिनेमा केला असता तर थपडेनंतर ब्रिजेटच्या डोळ्यांवर कॅमेरा लावला असता, सनई नसली तरी व्हायोलिन वाजलं असतं, आणि पुढचे दोन तास आपण त्या एका थपडेच्या नावावर तिचे सगळे गुन्हे माफ केले असते. डाल तिथे थांबतच नाही. क्लेसुद्धा नंतर फोनवर तिच्याशी चिडून, कौतुकाने, ओळखीच्या सुरात बोलतो. दोघंही एकाच वाणाची आहेत हे त्यालाही माहीत असतं. आणि मग गंमत अशी की बेस्टनमध्ये खोट्या नावाने नोकरी मिळवायला ब्रिजेट साहेबाला काय सांगते? नवरा मारतो, त्याच्यापासून लपून राहतेय. साहेब विरघळतो. म्हणजे निर्माता तुझ्याकडे मागतोय ती सहानुभूती ब्रिजेट स्वतःच सिनेमात विकायला बसली आहे. भूतकाळ हे तिचं हत्यार आहे. लेखकाने तिला तो देऊन टाकला असता तर ते हत्यार तिच्या हातातून गेलं असतं.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात नोकरी केली, हे तुला माहीत आहे. आमच्याकडे ‘अर्ली क्लेम’ म्हटलं की सगळे ताठ बसत. पॉलिसी काढून थोडक्याच काळात विमेदार गेला, तर चौकशी ठरलेली. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात तेव्हा दोन वर्षांची मुदत होती, आता तीन केली आहे. फाइल उघडली की आधी काय बघायचं? विम्याची रक्कम मधेच कधी वाढवली. नॉमिनी कधी बदलला. हप्ता खरं तर कुणाच्या खात्यातून जात होता. पगार किती आणि विमा केवढा. नॉमिनीचं बालपण कसं गेलं हे विचारायला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता, आणि त्यावाचून आमचं कधी अडलंही नाही.

म्हणून ब्रिजेटची पुढची युक्ती पाहताना मला हसू आवरेना. माइक क्लेम्सच्या कामातला. तो सहज फुशारकीने सांगतो की माणसाच्या क्रेडिट रिपोर्टवरून तो बायकोला फसवतोय की नाही हे ओळखता येतं. माइकच्या दृष्टीने हा गप्पांचा विषय. ब्रिजेटच्या डोक्यात तत्क्षणी धंदा उभा राहतो: अशा फसवल्या गेलेल्या बायकांना हुडकायचं, फोन करायचा, आणि नवऱ्याचा खून विकायचा, पैसे विम्याच्या रकमेतून. पोरांना फोनवर माल विकायला लावणारी बाई तेच कसब इथे वापरते. आवाज तोच, पहिल्या काही सेकंदांत गिऱ्हाईक ओळखायची सवय तीच. महत्त्वाकांक्षा म्हणून वेगळं काही दाखवावं लागत नाही. बाईला काम येतं, एवढंच दिसतं, आणि त्याचाच धसका बसतो.

खुर्ची, फोन, दोन माणसं. तुझ्या बजेटमध्ये बसणारा खर्च. या सिनेमातले निम्मे थरार फोनवर घडतात. हॉटेलात बसून न्यूयॉर्कला, न्यूयॉर्कहून ऑफिसात. गाड्यांचा पाठलाग नाही, उडणारी इमारत नाही. एका माणसाला ती गाडीतून बाहेर फेकते ते दृश्य आहे, पण तेही बोलण्यातूनच उभं राहतं. क्लेने पाठवलेला हार्लन हा काळा डिटेक्टिव्ह तिला धरतो. ती गाडी चालवत असते, हा शेजारी. काळ्या पुरुषांबद्दल गोरे लोक जे कुजबुजतात ते ती चक्क निरागसपणे विचारते आणि दाखव म्हणते. तो वैतागून, थोडा फुशारून, पट्टा सोडतो. ती गाडी खांबावर घालते. तिच्यासमोर एअरबॅग, त्याच्यासमोर काच. पोलीस येतात तेव्हा काळा माणूस मेलेला आणि त्याची पॅन्ट उघडी. पुढचं सगळं गाव आपण होऊन समजून घेतं. ब्रिजेटला खोटं बोलायलासुद्धा फारसं लागत नाही. गावाचा पूर्वग्रह तिने उसना घेतला आणि वापरून फेकून दिला. मला हे दृश्य अंगावर येतं, पण त्याच्या मागचं डोकं मान्य करावंच लागतं.

आता ‘बोल्ड’. बारमधलं पहिलं दृश्य काढून बघ. ती मॅनहॅटन मागते, ‘प्लीज’ म्हणत नाही, म्हणून बारवाला तिच्याकडे दुर्लक्ष करतो. गावाचा रिवाज. माइक मधे पडून पेय मागवून देतो आणि मग जवळ येऊन आपल्या मर्दानगीची बढाई मारतो. बाई म्हणते, बस. आणि टेबलाखाली हात घालून बढाईची शहानिशा करते, वाण्याकडे डाळ निवडून घ्यावी तशी. पुढे बारच्या मागे, जाळीच्या कुंपणापाशी जे होतं त्यातही उघडं असं फार काही नाही. कपडे तिचे शाबूत, फजिती त्याची. शरीर दाखवण्यापेक्षा कोण कुणाकडून काय करवून घेतंय हे दाखवलं की दृश्य तापतं. त्यासाठी पडदे, मेणबत्त्या आणि दुधी काचेमागची अंघोळ लागत नाही. तुझ्या निर्मात्याला हे असं समजावून सांग. त्याचे पैसेही वाचतील.

माइकबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण तुझ्या संहितेतला समीर मला त्याच्यापुढे फिका वाटला. माइकला वाटतं त्याला ही बाई हवी. खरं तर त्याला बेस्टन नको असतं. तो एकदा बफेलोला जाऊन, लग्न करून, तोंड लपवत परत आलाय, आणि गावातले मित्र, गावातला बार, तेच ते ‘गुड मॉर्निंग’ त्याला खायला उठतं. त्यात ही येते: गावाशी तुसडी, चालीत शहर, कुणाला जुमानत नाही. तिचं खोटं नाव वेंडी क्रॉय. रोमन लिपीत न्यूयॉर्क उलटं लिहिलं की काय होतं ते तूच कागदावर लिहून बघ. मोह म्हणून आपण नेहमी देह धरून चालतो. इथे मोह गावाबाहेर पडण्याचा आहे, आणि देह त्याचं तिकीट. म्हणूनच तिने त्याच्या घरी, आजीने दिलेल्या पायमध्ये सिगारेट विझवली तरी तो तिला बाहेर काढत नाही. त्याच्या मनात त्या क्षणी आजी हरते. समीरला रेवा का हवी, याचं उत्तर तुझ्या संहितेत ‘ती सुंदर आहे’ एवढंच आहे. मुंबईत सुंदर मुलींचा काय तोटा आहे गं?

हे दुखणं आपल्या सिनेमाचं जुनंच आहे. आयरा लेव्हिनच्या १९५३ च्या ‘अ किस बिफोर डाइंग’ या कादंबरीतला तरुण श्रीमंत घरात शिरायचंय एवढ्यासाठी मुलीचा जीव घेतो. तीच कल्पना फिरत फिरत आपल्याकडे ‘बाजीगर’मध्ये आली, १९९३ साली, आणि येताना तिला वेडी झालेली आई, लुबाडलेला बाप असं सगळं सामान जोडलं गेलं. खुनी सुडाने पेटलेला मुलगा झाला आणि आपण टाळ्या वाजवायला मोकळे झालो. लॉरेन्स कॅसडनच्या ‘बॉडी हीट’मध्ये (१९८१) बाई पैसे घेऊन समुद्रकिनाऱ्यावर आरामात पहुडते. त्याच वळणाचा ‘जिस्म’ २००३ मध्ये पूजा भट्टने काढला, बिपाशा बासूला घेऊन. तिथे बाईला जिवंत सोडायची कुणाची छाती झाली नाही. एक तर कारण द्या, नाही तर मारून टाका. कारणही नाही आणि शिक्षाही नाही, हे आपल्या पचनी पडत नाही.

हॉलिवुडच्याही पडत नव्हतं, हे खरं. बिली वाइल्डरचा ‘डबल इंडेम्निटी’ १९४४ चा. जेम्स एम. केनच्या मूळ कथेला सेन्सॉरच्या नियमावलीच्या भीतीने स्टुडिओंनी बरीच वर्षं हात लावला नाही, आणि लावला तेव्हा बाई आणि तिचा विमा-एजंट दोघांचीही वाट लावूनच. केनला ती सुचली ती रूथ स्नायडरच्या खटल्यावरून: न्यूयॉर्कची गृहिणी, १९२७ साली प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं, त्याआधी अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम मिळेल असा विमा त्याच्या नावावर उतरवून ठेवलेला. आपल्याकडे ज्याला ‘डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट’ म्हणतात तेच. रूथला विजेच्या खुर्चीत बसवलं. ‘डबल इंडेम्निटी’तला क्लेम्स मॅनेजर कीज, एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला, माझा लाडका. आत्महत्यांचे प्रकार आणि पोटप्रकार तोंडपाठ म्हणून दाखवतो. असा एक साहेब आम्हाला मिळाला असता तर! बेस्टनच्या कंपनीत मात्र कीज नाही. डालने त्याला मुद्दाम वगळला असावा असा माझा संशय आहे. ब्रिजेटला पकडेल इतकं हुशार कुणीच त्या जगात ठेवलेलं नाही.

मराठीत असं धाडस झालेलं नाही असं नाही हं. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ वाच पुन्हा. पैशासाठी एकमेकांना ओरबाडणारी ती माणसं लहानपणच्या जखमा दाखवून आपल्याकडे दया मागत नाहीत. सेन्सॉरने माणिकच्या लुगड्यावरच्या लाल डागाला हरकत घेतली तेव्हा डॉ. लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना तो लाल समजा म्हणून सांगितलं, तो किस्सा तुला ठाऊक असेलच. निर्मात्याच्या अटी अशा पाळायच्या असतात.

पैसा ओतून हे जमत नाही याचा पुरावाही हवा असेल तर पुढच्याच वर्षीचा ‘जेड’ बघ. तीच फिओरेंटिनो, दिग्दर्शक ‘द एक्झॉर्सिस्ट’वाला विल्यम फ्रीडकिन, पटकथा पुन्हा एस्टरहाझची, खर्च ‘लास्ट सिडक्शन’च्या कितीतरी पट. सपशेल आपटला. त्यात तिला एक कोडं म्हणून उभं केलंय, आपण तिच्याकडे बघत बसायचं. डालच्या सिनेमात ती बघते आणि आपण बघितले जातो.

आंधळी भक्ती मात्र करू नकोस. माइकचं बफेलोमधलं गुपित, म्हणजे त्याची बायको ट्रिश ही ट्रान्स स्त्री असणं, सिनेमा शेवटी बॉम्ब फोडावा तसा फोडतो आणि ट्रिशला माणूस म्हणून एक मिनिट देत नाही. एवढ्या हुशार लेखकाचा हा आळशीपणा वाटतो मला. आणि तो शेवट: क्लेला ब्रिजेट स्वतःच्या हाताने मारते, मग माइकला डिवचून डिवचून असं वागायला लावते की पोलिसांच्या चालू फोनवर बलात्कार आणि खुनाची कबुली दोन्ही रेकॉर्ड व्हावं. बायकांच्या खऱ्या तक्रारींवर कुणी विश्वास ठेवत नाही अशा जगात हे बघताना पोटात ढवळतं. तरी तो शेवट मी बदलणार नाही. ती त्या जगाचा प्रत्येक समज वापरते, चांगला आणि वाईट, त्यातलाच हा एक. माइक तुरुंगात, त्याला वाचवू शकेल असा एकच पुरावा, दारावरची नावाची चिठ्ठी, ती आलिशान गाडीत बसून जाळून टाकते. चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, विजयाचं हसूही नाही. फिओरेंटिनो तिथे अक्षरशः काही करत नाही.

तर काका कापून टाक. पानं कमी झाली तर होऊ देत, शूटिंगचे दिवसही कमी होतील आणि निर्मात्याचा राग तिथेच अर्धा उतरेल. त्याने फारच हट्ट धरला तर काकाची गोष्ट रेवाच्या तोंडी घाल. तिने ती समीरला सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी ती ज्याच्याकडे काम करते त्या बिल्डरला थोडी बदलून सांगावी. निर्मात्याला त्याचा काका मिळेल आणि तुला तुझी रेवा.

आणि एक. ‘लास्ट सिडक्शन’मध्ये क्लेने किती आणले, सावकाराचे किती देणे, हे आपल्याला आकड्यांत माहीत असतं. तुझ्याकडे रेवा त्या बिल्डरच्या ऑफिसात काम करते, नाशिकहून आलीय, भाड्याने राहते, फ्लॅटवर तिचा डोळा आहे, सगळं आहे; पण तिचा पगार किती, भाडं किती, आणि त्या फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव काय, हे नव्वद पानांत कुठेही नाही. ते आधी ठरव, आणि मग मला पुढचा मसुदा पाठव.

ताईला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं काय ठरलं तेही कळव.

तुझी,
नीलामावशी